क्विगलीचा तिसरा मुक्काम

मोहावीच्या वाळवंटातून ज्या साहेबाने रूळ आखले, त्याने स्टेशनांना नावं देताना डोक्याला फारसा त्रास दिला नाही. इंग्रजी मुळाक्षरं ओळीने घेतली आणि एकेका थांब्याला एकेक वाटून टाकलं. पीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. क्यू आला आणि साहेब अडला. त्याच्या तुकडीतल्या आचाऱ्याचं आडनाव क्विगली होतं, आणि त्या दिवशी म्हणे जेवण बरं झालं होतं. गावाच्या नावामागे एवढाच इतिहास आहे. गावातली माणसं मात्र क्विगली नावाचा कोणी शूर सेनापती होऊन गेला असं पाहुण्यांना सांगत.

तिथे पाण्याचा टिपूस नव्हता. पण वाफेच्या इंजिनांना दर तीस मैलांवर पाणी लागतंच, म्हणून तिथे टाकी बांधली. ती भरायला आठवड्यातून दोनदा पाण्याच्या डब्यांची गाडी यायची. म्हणजे गाड्यांना पाजायचं पाणी गाडीनेच आणायचं, आणि आणणारं इंजिन त्यातलंच थोडं पिऊन परत जायचं. या कारभारात कोणालाही काही वावगं दिसलं नाही, कारण त्यावर चाळीस माणसांचं पोट भरत होतं.

पुढे १९२६ साली मोटारींचा हमरस्ता आला, तो रुळांपासून अर्धा मैल दक्षिणेला. तेव्हा क्विगली पहिल्यांदा हललं. घरांखाली जॅक लावायचे, जुने रूळ आडवे सरकवायचे, त्यांना मऊ साबण चोपडायचा आणि खेचरं जुंपून घरच्या घर ओढत न्यायचं, असं ते काम. सगळ्यांत आधी हलला अमोस ड्रागू. त्याचं दुकान दोन दिवस वाळूवरून घसरत होतं आणि त्या दोन्ही दिवशी अमोस आत गल्ल्यामागे उभा राहून तंबाखू आणि राजमा विकत होता. तेव्हापासून क्विगलीत नियमच झाला, की हलताना दुकानाचं दार बंद ठेवायचं नाही. पहिला आला म्हणून अमोसला रस्त्यालगतचा कोपरा मिळाला आणि त्याच्या पुढच्या पिढीला कॅफे.

एक माणूस मात्र हलला नाही. एझ्रा प्रुइटचं रुळांलगत दुमजली हॉटेल होतं. तो म्हणाला, गिऱ्हाइकाला गरज असेल तर येईल चालत. तो तीन वर्षं रोज टाय बांधून व्हरांड्यात बसला, आणि चालत कोणी आलं नाही. तो गेल्यावर त्याचं हॉटेल गावाने दोन हिवाळे चुलीत घातलं. अमोसचा मुलगा क्लिफ्टन तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होता आणि त्याने त्या हॉटेलच्या पायऱ्या स्वतः फोडल्या होत्या. त्याला आयुष्यात भूकंपाची भीती वाटली नाही, सापाची वाटली नाही, पण आपला प्रुइट होईल ही भीती त्याला कायम होती.

डिझेलची इंजिनं आली आणि गाड्यांची तहान संपली. क्विगलीला काही फरक पडला नाही. मोटारींना होतीच. उन्हाने पोळलेली, चिडलेली, पोरांवर खेकसणारी कुटुंबं गाडीतून उतरायची आणि क्लिफ्टनची बायको व्हर्डा त्यांच्यापुढे आधी पाण्याचे पेले ठेवायची, मग पॅनकेक. मर्ल योकमचं गॅरेज होतं, ओलेटा फिचचं सहा खोल्यांचं मोटेल होतं, आणखी सहा घरं होती. पाण्याची गाडी आता जुन्या ओळखीवर यायची. एकूण बरं चाललं होतं, आणि बरं चाललं होतं म्हणूनच क्लिफ्टनला स्वस्थ बसवत नव्हतं.

१९७० च्या ऑक्टोबरात मर्ल एक बंद पडलेली गाडी ओढून आणायला गेला आणि खबर घेऊन आला.

"रुळांच्या पलीकडे, उत्तरेला मैलभर, खुंट्या ठोकल्यात. नारिंगी फिती लावून."

"किती?" क्लिफ्टनने विचारलं.

"नजर पोचेल तिथवर. दोन रांगा. मधे एवढी जागा, की आपलं अख्खं गाव आडवं झोपवता येईल."

क्लिफ्टनने हातातलं फडकं खाली ठेवलं. संध्याकाळी नऊच्या नऊ घरं कॅफेत जमली. तो सत्तावन्न वर्षांचा होता, पण त्या दिवशी त्याचा आवाज विशीतला निघाला. सरकार नवा, चौपदरी रस्ता आणतंय. आपण जुन्याला चिकटून बसलो तर संपलो. वाट कशाला बघायची? रस्ता यायच्या आत आपण तिथे असलो पाहिजे.

ओलेटा फिच विधवा होती आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती म्हणाली, "खुंट्या ठोकल्या म्हणजे रस्ता आला होय? माझ्या नवऱ्याने नव्या बाथरूमसाठी खुंट्या ठोकल्या होत्या. नवरा गेला, खुंट्या आहेत."

"प्रुइटपण हेच म्हणाला होता," क्लिफ्टन म्हणाला.

यापुढे कोणाचं काही चालेना. क्विगलीत या नावावर उत्तर नव्हतं. मर्लने टोपी डोक्यावरून काढली, आत बघितलं, परत घातली, आणि म्हणाला, "माझा ट्रक आहे ओढायला."

व्हर्डा कॉफीची किटली घेऊन उभी होती. "रस्ता पुरा व्हायला अजून दोन वर्षं आहेत ना?"

"म्हणून तर. बाबा आधी गेले म्हणून कोपरा मिळाला आपल्याला."

"मला एकदा विचारलं असतंस तरी चाललं असतं, क्लिफ."

"विचारतोय की."

"सगळ्यांसमोर विचारतोयस. त्याला विचारणं नाही म्हणत." एवढं बोलून तिने ओलेटाच्या कपात कॉफी ओतली. क्लिफ्टनने तो होकार धरला. लग्नाला चौतीस वर्षं झालेला माणूस असे होकार धरत असतो.

एप्रिलमध्ये गाव हललं. दीड मैलाचा प्रवास, वाटेत रेल्वेचा उंच भराव आणि त्यावर रूळ. निडल्सच्या रेल्वे कंट्रोलरला फोन करून क्लिफ्टनने दोन गाड्यांच्या मधली पन्नास मिनिटं मागून घेतली. कंट्रोलरने विचारलं, काय न्यायचंय? क्लिफ्टन म्हणाला, कॅफे. कंट्रोलर म्हणाला, सामान की इमारत? क्लिफ्टन म्हणाला, दोन्ही, शिवाय बायको आत आहे, कारण दार बंद ठेवत नाहीत आमच्याकडे. कंट्रोलरने ते सगळं परत एकदा वदवून घेतलं. मग पन्नास मिनिटं मिळाली.

कॅफे भरावावर चढला, रुळांवर आला आणि अडकला. जमिनीखालची मागची तुळई रुळाच्या कडेला अडली होती. मर्लच्या ट्रकची चाकं वाळूत जागच्या जागी फिरत होती, माणसं पहारी लावून घाम गाळत होती, कोणी कोणाला शिव्या देत होतं. तेवढ्यात खिडकी उघडली आणि व्हर्डाने डोकं बाहेर काढलं.

"साखर कोणाकोणाला?"

"व्हर्डा, बाहेर ये. गाडी यायची वेळ झालीय."

"चार ऑर्डरी आहेत तव्यावर. आणि नियम तुझ्या घराण्याचा आहे, माझ्या नाही."

नऊ मिनिटं उरली असताना ओलेटाने आपल्या मोटेलमधला सगळा साबण आणून त्या तुळईखाली ओतला. कॅफेने एक हिसका दिला आणि तो पलीकडे घसरला. गाडी आली तेव्हा इंजिनवाल्याला रुळांपासून वीस पावलांवर धुराडं पेटलेला एक कॅफे दिसला. आतली माणसं पॅनकेक खात होती. त्याने भोंगा वाजवला तो दिसेनासा होईपर्यंत वाजवतच होता. क्लिफ्टन व्हर्डाकडे बघून हसला आणि तीही हसली. माणसाला आपण जिंकलो असं वाटण्याचे दिवस थोडे असतात, आणि तो त्याच्या वाट्याचा होता.

खुंट्यांपासून शंभर पावलांवर त्यांनी नवं क्विगली मांडलं. आठ घरांनी तोंडं उत्तरेला केली आणि ओलेटाने मोटेलच्या सहाही खोल्या. मग खरोखरच यंत्रं आली, डंपर आले, आणि त्यामागून तीनशे मजूर आले. दीड वर्ष कॅफेत बसायला जागा नव्हती. मजूर सकाळी अंडी आणि हॅम खायचे, दुपारी राजमा खायचे, आणि जाताना व्हर्डाला आई म्हणायचे. जुन्या रस्त्यावर क्लिफ्टनने पुढे मे महिन्यात पाटी लावली होती, 'क्विगली पुढे गेलं आहे, दीड मैल', तिकडे बघायलाही आता कोणाला फुरसत नव्हती. ओलेटा स्वतःहून म्हणाली, "क्लिफ, तुझं बरोबर होतं." तिने असं कोणाला म्हटल्याचं गावात कोणाच्या आठवणीत नव्हतं.

शेवटी शेवटी मजुरांनी रस्त्याच्या कडेने लोखंडी खांब रोवायला घेतले आणि त्यांवर जाळी ताणली. मर्ल म्हणाला, कासवं रस्त्यावर येऊ नयेत म्हणून असेल. जाळी छातीएवढी होती. एवढी उंच उडी मारणारं कासव क्विगलीत कोणी पाहिलं नव्हतं, पण सरकारच्या कासवांबद्दल कोण काय सांगणार. फक्त व्हर्डाने एका मजुराच्या ताटात पॅनकेक वाढता वाढता विचारलं, "अरे, यात फाटक कुठे येणार?"

"मला फक्त खांब दिलेत, आई," तो म्हणाला.

तिने ते क्लिफ्टनला सांगितलं. क्लिफ्टन म्हणाला, फाटक शेवटी लावतात. त्याचं त्यात काय चुकलं? त्याच्या उभ्या आयुष्यात आणि त्याच्या बापाच्या आयुष्यात जे जे क्विगलीवरून गेलं ते क्विगलीला थांबलं होतं. थांबता येणारच नाही असा रस्ता माणूस मुद्दाम बांधेल, ही कल्पना तिथे कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. चूक करायलाही थोडी माहिती लागते, आणि ती त्यांच्याकडे नव्हती.

१९७२ च्या ऑक्टोबरात रस्ता सुरू झाला. कॅफेच्या छपरावर पुरुषभर उंचीची अक्षरं रंगवली होती: कॉफी, पॅनकेक, सावली. सगळं गाव धुतलेले कपडे घालून जाळीपाशी उभं राहिलं. पहिली गाडी आली, सत्तरच्या वेगाने, आणि गेली. मग दुसरी. मग रांगच लागली. गाड्यांतली माणसं त्यांना बघून हात हलवत होती, आणि पोरं काचांना नाकं लावून बघत होती. एका पिवळ्या गाडीतली बाई दोन्ही हात हलवत होती. क्विगलीनेही हात हलवले. दुपारपर्यंत सगळ्यांचे खांदे दुखायला लागले.

"माणसं चांगली दिसतायत," ओलेटा म्हणाली आणि आत गेली.

संध्याकाळी मर्ल ट्रक घेऊन नव्या रस्त्यावर चढायचा-उतरायचा फाटा शोधायला निघाला. त्याला तो चौदा मैलांवर सापडला. दुसरा विरुद्ध दिशेला अठरा मैलांवर होता. दारासमोर चौपदरी रस्ता, आणि त्यावर पाऊल ठेवायचं तर अर्धा तास मागे जायचं. जुन्या रस्त्यावर तोवर शुकशुकाट झाला होता. पहिल्या महिन्यात कॅफेत तीन गिऱ्हाइकं आली, तिन्ही जाळीवरून चढून, कारण त्यांच्या गाड्या बंद पडल्या होत्या. क्लिफ्टन रोज सकाळी उठून आभाळाकडे बघायचा. एक दिवस त्याच्या लक्षात आलं, की आपण ऊन वाढावं आणि लोकांची इंजिनं तापावीत म्हणून देवाची करुणा भाकतोय. त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि त्याने ठरवलं की आता रस्ते खात्याच्या कचेरीत जाऊन जाब विचारायचा.

सगळ्या गावाने सह्यांचा अर्ज केला. अर्जात बरेच कडक शब्द होते, त्यातले निम्मे ओलेटाचे. जानेवारीत क्लिफ्टन तो घेऊन शहरात गेला. लिंडक्विस्ट नावाच्या अधिकाऱ्याने त्याला खुर्ची दिली आणि अर्ज शेवटपर्यंत वाचला. यामुळे क्लिफ्टनचा थोडा अपेक्षाभंगच झाला. तो भांडायच्या तयारीने गेला होता.

"मिस्टर ड्रागू, क्विगलीला फाटा होता," लिंडक्विस्ट म्हणाले. "मूळ आराखड्यात होता. हे बघा." त्यांनी टेबलावर कागद पसरला. नव्या रस्त्यातून एक फाटा सुटत होता, जाऊन जुन्या गावाला मिळत होता. क्लिफ्टनने बोट ठेवून अंतर मोजलं. तो फाटा त्याच्या नव्या कॅफेच्या पायरीवर उतरला असता.

"मग कुठे गेला?"

"बांधकामाआधी आम्ही माणूस पाठवून खात्री करतो. एकाहत्तरच्या एप्रिलात तो आला होता. त्याला तिथे फक्त पाये सापडले. भरावामुळे पलीकडचं त्याला दिसलं नसणार. त्याने लिहिलंय, वस्ती उठली आहे. फाट्याचं कारण उरलं नाही."

"कोणाला विचारायचं होतं त्याने," क्लिफ्टन म्हणाला. त्याचा आवाज चढला. "एका माणसाला विचारायचं होतं फक्त."

"विचारलं होतं." लिंडक्विस्टनी दुसरा कागद काढला आणि तो वाचताना मान वर केली नाही. "'जागेवर एक स्थानिक गृहस्थ भेटले, पंचावन्न-साठ वयाचे, धुराड्याचा एक तुकडा ट्रकमध्ये टाकत होते. वस्तीबद्दल विचारता म्हणाले, इथे आता कोणी राहत नाही. एक खिळासुद्धा मागे ठेवला नाही. पुन्हा कोणी येणारही नाही. गृहस्थ अतिशय आनंदात दिसले.'"

क्लिफ्टनला तो पोरगेला माणूस आठवला. त्याने सिगारेट दिली होती. विम्याचा एजंट असेल असं समजून क्लिफ्टनने त्याला पुढच्या मुक्कामाचा पत्ता मुद्दाम सांगितला नव्हता.

लिंडक्विस्ट म्हणाले, नवा फाटा मागता येईल, आठ-दहा वर्षं लागतील, आणि त्यासाठी तिथे वाढती वस्ती असावी लागते. क्लिफ्टनने त्यांचे आभार मानले आणि कडक शब्दांचा अर्ज घडी घालून खिशात ठेवला.

घरी पोचेपर्यंत त्याने सगळा विचार केला. सरकार हरामखोर आहे असं सांगितलं असतं तर कोणी पुरावा मागितला नसता. पण या आठ घरांनी त्याच्या एका शब्दावर आपली जागा सोडली होती, आणि त्यांच्याशी खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं. सगळे कॅफेत वाट बघत होते. त्याने टोपीही न काढता सांगून टाकलं. फाटा होता, दारातच होता, आणि तो माझ्या तोंडाने गेला. मीच त्यांच्या माणसाला म्हणालो, इथे आता कोणी राहत नाही, एक खिळासुद्धा मागे ठेवला नाही. चूक सरकारची नाही, माझी आहे.

मग मर्ल उठला. त्याचे डोळे भरून आले होते.

"बघितलंत?" तो सगळ्यांना म्हणाला. "याला म्हणतात माणूस. आपण तिकडे जाऊन दंगा करू, तुरुंगात जाऊ, म्हणून सगळं अंगावर घेतोय."

"मर्ल, मी खरं सांगतोय. लिहिलेलं आहे त्यांच्याकडे."

"ते काय वाटेल ते लिहितील रे."

"धुराडं होतं माझ्या हातात. सिगारेट घेतली मी त्याची."

"दमवलंय त्याला कचेरीवाल्यांनी," ओलेटा म्हणाली. तिने पुढे होऊन क्लिफ्टनच्या गालाचा मुका घेतला. चाळीस वर्षांत तिने त्याच्याशी हातसुद्धा मिळवला नव्हता. "जा, झोप जरा."

क्लिफ्टनने त्या आठवड्यात आणखी दोनदा सांगून बघितलं. दर वेळी त्याचं मोठेपण थोडं वाढत गेलं. पुढच्या महिन्यात गावाने बैठक घेऊन त्याला महापौर केलं. क्विगलीला याआधी महापौर नव्हता, पण आता एखादा असावा असं सगळ्यांना वाटलं.

मग घरं जायला लागली. एकेक कुटुंब सामान बांधायचं, कोणी बारस्टोला, कोणी ॲरिझोनात मुलीकडे. जाण्याआधी सगळे कॅफेत यायचे आणि क्लिफ्टनचा हात हातात घेऊन म्हणायचे, तू होतास म्हणून एवढं तरी टिकलो. क्लिफ्टन मनात म्हणायचा, एकाने तरी शिवी द्या. शिवी कोणी दिली नाही. ओलेटा गेली तेव्हा रडली. मर्ल सगळ्यांत शेवटी गेला, आणि जाताना त्याने गॅरेजवरची पाटी काढून क्लिफ्टनला भेट दिली.

त्याचा ट्रक दिसेनासा झाला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. जाळीपलीकडून गाड्या जात होत्या. क्लिफ्टन पायरीवर बसला. व्हर्डा दोन कप घेऊन आली आणि शेजारी बसली.

"त्यांच्यातल्या एकानेही माझं खरं मानलं नाही," तो म्हणाला.

"मी मानलं होतं."

क्लिफ्टनने मान वळवून तिच्याकडे बघितलं. "कधी?"

"त्याच संध्याकाळी. तू सांगितलंस तेव्हाच. एक खिळासुद्धा मागे ठेवला नाही, हे वाक्य तुझंच आहे. दुसऱ्या कोणाचं असणार?"

"मग बोलली का नाहीस? तुझं ऐकलं असतं त्यांनी."

"ऐकलं असतं. मग सगळे तुझ्यावर चिडले असते, आणि तुला इथे तोंड दाखवायला जागा उरली नसती. तू आठ दिवसांत कुठेतरी नव्या खुंट्या शोधून काढल्या असत्यास." तिने कपावर फुंकर घातली. "आणि क्लिफ, मला हलायचा कंटाळा आलाय."